अँटीव्हायरस 'नंबर वन' आहे, पण कोणाच्या परीक्षेत?



तुमच्या काउंटरवरच्या पीसीच्या कोपऱ्यात 'सात दिवस उरले' अशी लाल चौकट येऊ लागली असेल, तर हा लेख आजच वाचून काढा. कारण या सात दिवसांत तुम्हाला तीन जण तीन सल्ले देणार आहेत. हार्डवेअरवाला म्हणणार, "हाच घ्या शेठ, सगळे हाच नेतात." (त्याच्याकडे त्याच बॉक्सचा स्टॉक पडलाय, हे तो सांगणार नाही.) भाचा म्हणणार, "मामा, विंडोजमध्ये आहेच की, पैसे कशाला घालवताय?" आणि तिसरा कुणीतरी व्हिडिओत एका फोल्डरमध्ये पाचशे व्हायरस टाकून, स्कॅन मारून, कोणी किती पकडले ते मोजून निकाल देणार.

तिघांपैकी भाच्याचं म्हणणं सगळ्यात कमी चुकीचं आहे. त्याच्याकडे नंतर येतो. आधी तो तिसरा.

फोल्डर स्कॅन करून अँटीव्हायरसची तुलना करणं म्हणजे रखवालदाराला चोरांचे फोटो दाखवून 'ओळख पाहू' म्हणणं. खरा चोर फोटो घेऊन येत नाही. तो 'जीएसटी नोटीस' नावाची फाइल जोडलेल्या मेलमधून येतो, व्हॉट्सअ‍ॅप वेबवरच्या 'बिल' मधून येतो, क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून तर हमखास येतो. आजचा अँटीव्हायरस पण नुसती यादी पाहून पकडत नाही. लिंक उघडताना अडवतो, डाउनलोड होताना तपासतो, आणि फाइल चालू झाल्यावर ती काय उद्योग करते ते बघून थांबवतो. फोल्डर स्कॅनमध्ये यातली एकच पायरी तपासली जाते. शिवाय ते पाचशे नमुने कुठून आणले, त्यातले किती खरंच व्हायरस होते आणि किती मेलेल्या फाइली, हे कुणी सांगत नाही.

मग खरी परीक्षा घेतं कोण?

जगात मोजक्याच लॅब हे काम पद्धतशीर करतात. जर्मनीत माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियात इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ज, ब्रिटनमधली एसई लॅब्ज, आणि व्हायरस बुलेटिनचं व्हीबी १०० हे जुनं प्रमाणपत्र, जे १९९८ पासून दिलं जातंय. चाचण्या कशा घ्याव्यात याचे मापदंड ठरवायला २००८ मध्ये अ‍ॅम्टसो नावाची संघटनाही झाली. यांचे मुख्य अहवाल इंटरनेटवर फुकट वाचता येतात. इंग्रजीत आहेत, पण आकडे आणि रंगीत पट्ट्याच जास्त. दहावी झालेला माणूस वाचू शकेल.

"पण या लॅबना पैसे कोण देतं सर?" हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतोच, आणि विचारायलाच हवा. पैसे बहुतांशी अँटीव्हायरस कंपन्याच देतात, चाचणीत भाग घेण्याची फी म्हणून. म्हणून लगेच 'सगळं मॅनेज असतं' म्हणायचं कारण नाही. सीएलासुद्धा फी तुम्हीच देता, तरी ऑडिटला अर्थ असतो. पण दोन गोष्टी त्यातून निघतात. एक, एखादं नाव यादीत नसलं तर ते वाईटच असं नाही, कंपनीने भागच घेतला नसेल. दुसरी जास्त महत्त्वाची. काही अहवाल एकाच कंपनीने पैसे देऊन मुद्दाम करून घेतलेले असतात आणि तसं अहवालातच लिहिलेलं असतं. जाहिरातीत मात्र ते लिहिलेलं नसतं. म्हणून नियमित, सगळ्यांना एकाच वेळी बसवलेली परीक्षाच बघायची.

आणि लॅब कंपन्यांवर उलटतात का? उलटतात. २०१५ चं प्रकरण बघा. चीनच्या चिहू ३६० कंपनीने परीक्षेला जे सॉफ्टवेअर पाठवलं, त्यात बिटडिफेंडर या दुसऱ्या कंपनीचं इंजिन चालू होतं. गिऱ्हाइकांना जे मिळत होतं, त्यात ते इंजिन बंद आणि चिहूचं स्वतःचं चालू. म्हणजे सँपल बासमतीचं आणि पोत्यात कोलम! एव्ही-टेस्ट, एव्ही-कम्पॅरेटिव्ज आणि व्हायरस बुलेटिन या तिघांनी मिळून हे जाहीर केलं आणि त्या वर्षात दिलेली प्रमाणपत्रं काढून घेतली. यातून आपल्यासाठी एक कामाची गोष्ट: अहवालात जी आवृत्ती आणि ज्या सेटिंग तपासल्यात, त्याच तुमच्या पीसीवर आहेत का ते बघा. स्पीडसाठी म्हणून एखादं संरक्षण बंद करून ठेवलं असेल, तर तो अहवाल तुमच्या मशीनला लागू नाही.

९९.७५ आणि ९९.२५ मधला फरक

आता आकडे. इथे बहुतेक जण फसतात.

समजा चाचणीत ४०० हल्ले करून पाहिले. एकाने ३९९ अडवले, म्हणजे ९९.७५ टक्के. दुसऱ्याने ३९७, म्हणजे ९९.२५ टक्के. पत्रकावर हा फरक मोठ्या अक्षरात छापतात. प्रत्यक्षात फरक आहे दोन फाइलींचा. पुढच्या चाचणीत दोघांची जागा सहज बदलू शकते. म्हणूनच एव्ही-कम्पॅरेटिव्ज पहिला-दुसरा नंबर देण्याऐवजी जवळजवळच्या निकालांचे गट करून स्टँडर्ड, अ‍ॅडव्हान्स्ड, अ‍ॅडव्हान्स्ड प्लस असे दर्जे देते. एकाच गटातल्या दोघांमध्ये भांडण लावू नका. त्यांच्यात निवड करताना किंमत बघा, सर्व्हिस बघा, मराठीत बोलणारा माणूस फोन उचलतो का ते बघा.

एका चाचणीवर जाऊ नका, हे ओघानेच आलं. मागच्या दोन वर्षांचे निकाल काढा. कायम वरच्या गटात असणारा हवा, एकदाच चमकलेला नको.

'सर्टिफाइड' या स्टिकरचीही गंमत समजून घ्या. एव्ही-टेस्ट तीन विषयांत प्रत्येकी ६ गुण देते, एकूण १८. प्रमाणपत्र मिळायला लागतात १०. वेगळा 'टॉप प्रॉडक्ट' किताब मिळायला लागतात १७.५. म्हणजे बॉक्सवर नुसतं 'सर्टिफाइड' असेल तर तो १० वाला आहे की १८ वाला, हे अहवाल उघडल्याशिवाय कळणार नाही. त्या तीन विषयांतला तिसरा आहे 'युजेबिलिटी'. पुष्कळांना वाटतं, वापरायला सोपं असण्याचे गुण. तसं नाही. हे गुण आहेत खोट्या गजराचे. चांगल्या फाइलला व्हायरस म्हणून किती वेळा पकडलं, त्याचे.

खोटा गजर: आपल्यासाठी हाच मोठा विषय

घरच्या लॅपटॉपवर खोटा गजर झाला तर एखादा गेम उघडत नाही. दुकानात झाला तर बिल निघत नाही.

२१ एप्रिल २०१० ला मॅकफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एसव्हीसी-होस्ट ही आवश्यक फाइल व्हायरस म्हणून पकडली. जगभर हजारो पीसी बंद-चालू, बंद-चालू होत राहिले, नेटवर्क गेलं. व्हायरसने काही केलं नव्हतं, रखवालदारानेच मालकाला बाहेर काढलं.

लॅब खोटे गजर मोजतात. एव्ही-कम्पॅरेटिव्जच्या व्यावसायिक चाचणीत तर ऑफिसात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर एकही खोटा गजर चालत नाही. पण जरा विचार करा, 'सर्रास वापरलं जाणारं' कुठे? तुमच्या गावातल्या डेव्हलपरने लिहून दिलेलं बिलिंग सॉफ्टवेअर इन्सब्रुकच्या यादीत कशाला असेल? अशा सॉफ्टवेअरवर बहुतेकदा डिजिटल सही नसते, जगात ते वापरणारे पन्नास-शंभर असतात, आणि अँटीव्हायरसच्या नजरेत नेमका हाच संशयिताचा चेहरा असतो. म्हणजे इथे लॅब आपल्याला अर्ध्या रस्त्यापर्यंतच नेते. उरलेला अर्धा आपण चालायचा.

तो असा. अहवालावरून दोन नावं काढा. दोघांची चाचणी आवृत्ती मिळते. महिनाअखेर नसेल अशा आठवड्यात, मुख्य पीसी सोडून दुसऱ्या पीसीवर एक टाका. दोन अँटीव्हायरस एकत्र कधीच टाकू नका. मग तुमचं रोजचं काम करा: बिलिंग, टॅली, बॅकअप, बारकोड प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन लावून पोर्टलवर लॉगिन. काही अडतंय का बघा. अडलं तर कंपनीला फाइल पाठवून 'ही चांगली आहे, सोडा' असं कळवता येतं. ते किती दिवसांत उत्तर देतात, यावर त्यांची सर्व्हिस कळते. आणि कृपा करून 'बिलिंग अडतंय' म्हणून अख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळू नका. वगळायचंच तर ते एक फोल्डर.

स्पीडचंही तसंच. लॅब फाइल कॉपी करून, सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून, वेबसाइट उघडून किती मंद झालं ते मोजतात. पण त्यांच्या साध्या मशीनमध्येही एसएसडी असते. तुमच्या गोडाऊनमधल्या पीसीत जुनी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल, तर तिथे स्वतः घड्याळ लावूनच बघा. बऱ्याचदा अँटीव्हायरस बदलण्यापेक्षा एक एसएसडी बसवणं जास्त गुणकारी ठरतं.

अजून एक पट्टी बघायची सवय लावा. एव्ही-कम्पॅरेटिव्जच्या आलेखात हिरव्या आणि लालच्या मध्ये कधी कधी पिवळी पट्टी दिसते. म्हणजे अँटीव्हायरसने स्वतः निर्णय घेतला नाही, वापरणाऱ्याला विचारलं, 'चालू देऊ का?' लॅब त्याचे अर्धे गुण देते. तुमच्या दुकानात, समोर सहा गिऱ्हाइकं उभी असताना काउंटरवरचा मुलगा 'हो' दाबणार. त्यामुळे आपल्यासाठी पिवळं म्हणजे लालच समजा.

भाच्याचं काय करायचं?

विंडोजमधला डिफेंडर. एके काळी मायक्रोसॉफ्टच्या अँटीव्हायरसला एव्ही-टेस्टमध्ये संरक्षणात ६ पैकी शून्य मिळालं होतं. ते दिवस गेले. अलीकडच्या वर्षांत तो पूर्ण ६ घेतो आणि टॉप प्रॉडक्टही ठरतो. त्यामुळे एक-दोन पीसी, विंडोज अपडेट होणारं आणि ओरिजिनल, इंटरनेट कायम चालू, इतकं असेल तर भाचा बरोबर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मालवेअर चाचणीच्या अहवालात ऑनलाइन आणि ऑफलाइन असे दोन रकाने असतात, ते उघडून बघा. बरीच प्रॉडक्ट निर्णयासाठी क्लाउडवर अवलंबून असतात आणि नेट नसताना त्यांची पकड ढिली पडते. ज्या पीसीला नेट नाही आणि पेनड्राइव्हवरच सगळा कारभार चालतो, तिथे तो ऑफलाइनचा रकानाच तुमचा रकाना.

पाच-सहा पीसी झाले की गणित बदलतं. कुठल्या मशीनवर अपडेट झालं नाही, कोणी पेनड्राइव्ह लावला, हे एका जागेवरून दिसायला हवं. ते व्यावसायिक आवृत्तीत मिळतं. तिची परीक्षा वेगळी असते, तेव्हा घरगुती आवृत्तीचे गुण दाखवून व्यावसायिक आवृत्ती विकणाऱ्याला थांबवा. आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंच उदाहरण घ्या. कैलास आणि संजय काटकर या भावांची ही कंपनी, पण व्यवसायासाठीचं तिचं प्रॉडक्ट सेक्राइट या वेगळ्या नावाने येतं. अहवाल शोधताना सेक्राइट शोधायचं. आपल्या माणसांची कंपनी म्हणून अभिमान जरूर बाळगा, गुण मात्र तेच लावा जे चेन्नईच्या के ७ ला किंवा परदेशी कंपनीला लावाल.

आता हे सगळं करून चांगला अँटीव्हायरस घेतला, तरी एक हिशेब उरतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या पसरला, तो युक्रेनमधल्या एका टॅक्स सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. विश्वासाच्या दारातून आत आला, आणि त्याचा फटका मर्स्क कंपनीमार्फत थेट आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोचला. कामकाज हाताने करायची वेळ आली. तेव्हा अँटीव्हायरसच्या बजेटमधून एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आधी बाजूला काढा. रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप घेतला की ती पीसीपासून काढून कपाटात ठेवायची. लावूनच ठेवली, तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतो.

नवीन अँटीव्हायरस टाकल्यावर तो जागा आहे का, हे तपासायला आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल त्या संस्थेच्या वेबसाइटवर मिळते. डाउनलोड करा, लगेच आरडाओरडा झाला पाहिजे. त्याने फक्त एवढंच कळतं की रखवालदार झोपलेला नाही. झोपलेला निघाला, तर ज्याच्याकडून घेतलात त्याला त्याच दिवशी फोन करा, बिलाची तारीख हाताशी ठेवून.