‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलेच असे नव्हे

‘मुलाखतीला जाताना पॉझिटिव्ह राहा,’ असे मुलाला बजावणारी आई त्याच्याच रक्ताचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला की हादरून जाते. शब्द तोच, एकीकडे आशा, दुसरीकडे धास्ती. २०२० च्या कोरोना साथीत हे इंग्रजी विशेषण घराघरात पोहोचले, पण अर्थाचा गोंधळ तसाच राहिला.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मांडलेले, ठरवून दिलेले’. त्यावरून इंग्रजीत ‘ठाम’, ‘निश्चित’ असे अर्थ रूढ झाले. ‘आशावादी’ हा अर्थ बराच नंतरचा.

रिपोर्ट काय सांगतो?

प्रयोगशाळेत ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे जे शोधले ते सापडले. ‘निगेटिव्ह’ म्हणजे सापडले नाही. ते चांगले की वाईट, हे शब्द सांगत नाही. मूल हवे असलेल्या जोडप्याला गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली की आनंद होतो, तर गाठीच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी न सापडल्याचा निगेटिव्ह रिपोर्ट साऱ्या घराचा जीव भांड्यात पाडतो.

रक्तगटाचे तेच. लाल पेशींवर ‘डी’ हा घटक असला तर गट पॉझिटिव्ह, नसला तर निगेटिव्ह. निगेटिव्ह गट हा दोष नव्हे. म्हणून मुलीचे स्थळ नाकारणे हा निव्वळ अडाणीपणा. काळजी घ्यायची ती गरोदरपणात. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईला ‘अँटी-डी’ इंजेक्शन द्यावे लागते. नाही तर पुढच्या बाळाला धोका संभवतो.

शिक्का नव्हे, माहिती

‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ म्हणजे एड्स झालाच असे नाही. विषाणूची लागण झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. नियमित औषधांनी अशी व्यक्ती दीर्घ आयुष्य जगू शकते. तिला नोकरी, शिक्षण वा उपचारांत भेदभावाने वागवण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

उलट, निगेटिव्ह रिपोर्टवरही डोळे झाकून विसंबू नये. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर ती चाचणीत दिसत नाही, आणि डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात.

म्हणून रिपोर्ट हाती येताच रडू नका किंवा पेढेही वाटू नका. आधी डॉक्टरांना विचारा, ‘नेमके काय शोधले होते आणि आता पुढे काय करायचे?’