राणीचे बाळंतपण आणि दाईचे तान्हे

राणी म्हटली की दागिने आणि नोकरचाकर आठवतात. २०१६ ते २०१९ या काळात दाखवली गेलेली ‘व्हिक्टोरिया’ ही ब्रिटिश मालिका मात्र राणीचे बाळंतपणही दाखवते.

व्हिक्टोरिया १८३७ साली, अठराव्या वर्षी इंग्लंडच्या गादीवर आली. १८४० साली लग्न झाले आणि त्याच वर्षी पहिली मुलगी. १८५७ पर्यंत नऊ मुले झाली. मालिकेच्या दुसऱ्या पर्वात बाळंतीण राणी राज्यकारभाराकडे परतण्यासाठी उतावीळ झालेली दिसते. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती खचते, उदास होते. आपल्याकडे अशा बाईला ‘नखरे करते’ म्हणतात. ते चूक आहे. हा आजार असतो. त्यावर उपचार आहेत. घरच्यांनी तिला धीर द्यावा, दवाखान्यात न्यावे.

एक गोष्ट मात्र आम्हाला बोलून दाखवावीशी वाटते. राणीच्या मुलांना दूध पाजायला दाया होत्या, म्हणून तिला कागदपत्रांना वेळ मिळाला. पण दाईलाही स्वतःचे तान्हे असणारच. त्याला कोणी पाजले? पोटासाठी लेकरू घरी ठेवून कामावर जाणाऱ्या आमच्या भगिनींना हे वेगळे सांगायला नको. राणीचे दुःख खरेच आहे. पण मालिका बघताना त्या दाईलाही विसरू नये.