बोअर, स्ट्रोक आणि साडेतीनशेची रेघ

दसरा-दिवाळी जवळ आली की पुष्कळ घरांत एकच वाद पेटतो. पोराला स्पोर्ट बाइक हवी असते आणि बापाला 'किती सीसीची?' यापलीकडे काही विचारायचं सुचत नाही. संपादकांनी याच प्रश्नावर लिहायला सांगितलं. शोरूमची रंगीत पत्रकं गोळा करण्यापेक्षा, जिथं सीसी हा प्रकार प्रत्यक्ष लोखंडात कापला जातो तिथंच जावं असं वाटलं, म्हणून कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर गाठलं.

उद्यमनगरची कीर्ती नव्यानं सांगायला नको. ऑइल इंजिनं, फौंड्र्या, लेथ, उसाच्या चरकाचे भाग यांच्या जोरावर इथल्या कारागिरांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. आज इथला मोठा उद्योग गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या वसाहतींत पसरला आहे. पण मोटरसायकलचा ब्लॉक बोअर करून घ्यायचा असेल तर गिऱ्हाईक अजून उद्यमनगरच्या बोळांतच येतं.

ज्या मिस्त्रींकडे मी थांबलो त्यांचं दुकान दीड गाळ्याचं. एका बाजूला उभं बोअरिंग मशीन, त्याशेजारी होनिंगचं, आणि भिंतीला फळीवर जुन्या पिस्टनांची रांग. एका जुन्या क्लासिक साडेतीनशे मोटरसायकलचा ब्लॉक टेबलावर होता. मिस्त्रींनी तो डिझेलनं धुतला, कापडानं कोरडा केला आणि आत बोट फिरवलं. वरच्या काठाखाली जिथं रिंगा पोचतात तिथं एक बारीक पायरी पडली होती. डोळ्याला ती दिसत नव्हती, त्यांच्या बोटाला लागली. मग डायल बोअर गेज आत सोडलं. वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मापं घेतली, ब्लॉक पाव फेरा फिरवून पुन्हा तीन घेतली. काटा प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा थांबत होता, म्हणजे सिलिंडर गोल उरला नव्हता. पिस्टन वर-खाली जाताना एका बाजूला जास्त रेटतो आणि वर्षानुवर्षं त्याच बाजूनं झिजवतो. 'पंचवीसवर निघंल' असं म्हणून त्यांनी खडूनं ब्लॉकवर आकडा टाकला. त्याचा अर्थ पाव मिलिमीटर मोठा पिस्टन.

ही पाव मिलिमीटरची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, कारण सीसी म्हणजे नेमकं काय ते इथं समोर दिसतं. सिलिंडरची रुंदी म्हणजे बोअर, पिस्टनचा वर-खाली प्रवास म्हणजे स्ट्रोक, आणि या दोहोंतून जी जागा तयार होते ती घन सेंटिमीटरमध्ये मोजली की झाला सीसी. या क्लासिकचा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90; हिशेब 346 सीसी. पाव मिलिमीटर कापल्यावर तो 349च्या जवळ जातो. पुढच्या वेळी अर्ध्या मिलिमीटरचा पिस्टन टाकावा लागला तर इंजिन 351 सीसीचं होतं, आरसी बुकावर मात्र 346च राहतं. गाडीच्या ताकदीत त्यानं जाणवण्यासारखा फरक पडत नाही. आकड्याला आपण जे वजन देतो त्यातलं किती पोकळ आहे ते मला या ब्लॉकनं दाखवलं.

गाडीचे मालक तिथंच होते, सोबत इंजिनिअरिंगला नुकताच गेलेला मुलगा. मुलाला केटीएमची आरसी 390 हवी होती. वडिलांचं म्हणणं, "एवढीच सीसी आपल्या गाडीला हाय की. हीच घे, मिस्त्रीमामा नवी करून देतील." मुलगा गप्प. मिस्त्रींनी फळीवरनं दोन पिस्टन काढून शेजारी ठेवले. एक याच क्लासिकचा, उंच, डब्यासारखा. दुसरा 390चा: 89 मिलिमीटर रुंद, पण खालचा घेर जवळजवळ कापून टाकलेला, हातात घेतला तर त्याच्या रुंदीच्या मानानं हलका.

"सीसी काय बघतायसा," मिस्त्री वडिलांना म्हणाले, "स्ट्रोक बघा की."

वादाची किल्ली त्यांच्या या वाक्यात आहे. 390चं इंजिन 373 सीसीचं, क्लासिकपेक्षा जेमतेम 27नं मोठं. पण क्लासिक मिनिटाला 5250 फेऱ्यांना साधारण 20 अश्वशक्ती देते आणि आरसी 390 ही 9500 फेऱ्यांना 43च्या पुढं जाते. कारण तिचा स्ट्रोक 60 मिलिमीटरचाच. पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात कमी अंतर कापायचं असलं की तो जास्त फेरे मारू शकतो. 9500 फेऱ्यांना 390चा पिस्टन सरासरी सेकंदाला 19 मीटर धावतो. क्लासिकच्या 90 मिलिमीटरच्या स्ट्रोकवर तेवढेच फेरे मारायचे तर पिस्टनला 28 मीटरच्या वर धावावं लागेल, आणि तसं करायला गेलं तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल. उलट क्लासिकचा जोर 4000 फेऱ्यांनाच पूर्ण लागतो. डबलसीट, पिशव्या लादून गगनबावड्याचा घाट चढताना ती चौथ्या गिअरात ढिम्म ओढत राहते. 390ला तिथं गिअर उतरवून फेरे वर ठेवावे लागतात, नाहीतर ती खालच्या फेऱ्यांत हिसके देते. दोन्ही इंजिनं आपापल्या जागी उत्तम आहेत, फक्त कामं निराळी.

या प्रकारची गाडी आपल्याकडे रुजली त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. 2001च्या अखेरीस बजाजनं पल्सर 150 आणि 180 आणली, तेव्हा बाजार शंभर सीसीच्या ॲव्हरेजवाल्या गाड्यांचा होता. त्याआधी ज्यांना वेगाची ओढ होती ते आरएक्स 100च्या मागं असत. 98 सीसीच्या त्या टू-स्ट्रोकनं 11 अश्वशक्तीत जो पिकअप दिला त्याच्या आठवणी अजून निघतात. 2008ला यामाहानं आर15 आणून दाखवलं की 150 सीसीतही पाण्यानं थंड होणारं, चार व्हॉल्व्हचं खरं स्पोर्ट इंजिन बसतं. मग 2012 आणि 2013मध्ये चाकणच्या कारखान्यातून केटीएमच्या ड्यूक 200 आणि 390 बाहेर पडल्या, 2014ला आरसी. चाकणला जुळवलेल्या या गाड्या युरोपातही विकल्या गेल्या. लहान इंजिनाच्या शर्यतीला कमी समजू नये हेही इथंच सांगायला हवं. 2017पासून सुपरस्पोर्ट 300 नावाची जागतिक स्पर्धा सुरू झाली आणि 2018ला स्पेनच्या आना कारास्कोनं निंजा 400वर ती जिंकली. मोटरसायकलच्या रोड रेसिंगमध्ये एकट्यानं चालवण्याच्या प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्या गाडीचं इंजिन होतं 399 सीसीचं.

तर मग पहिली गाडी किती सीसीची? मिस्त्रींचं उत्तर गाडीपासून सुरू होत नाही. पोराचं वजन किती, रोज कुठून कुठं जायचं, मागं कोण बसणार, याआधी काय चालवलं, हे ते आधी विचारतात. मला ही रीत पटली. 155 सीसीची आर15 आपली 18-19 अश्वशक्ती 10,000 फेऱ्यांच्या आसपास देते. म्हणजे वेग हवा असेल तर चालवणाऱ्याला गिअर नेमका निवडावा लागतो, वळणाआधी ब्रेक नेमका सोडावा लागतो, नाहीतर गाडी मंद वाटते. तिच्यावर केलेली चूक महाग पडत नाही, पण झाली की लगेच कळते. आरसी 390वर वळणात चुकीचा गिअर लागला तरी थ्रॉटल पिळला की गाडी निघून जाते. शिकायचं राहून जातं, आणि पुढच्या वळणावर वाळू असली तर थ्रॉटलचा तोच जोर मागचं चाक सरकवतो. सत्तर किलोचा चालक धरला तर 390ची ताकद वजनाच्या मानानं आर15च्या दुपटीला पोचते. म्हणून माझं मत ठाम आहे: पहिली दोन वर्षं दीडशे ते दोनशे सीसी. त्यातही शहरात जास्त फिरायचं असेल तर दोनशे, कारण तिथं खालच्या फेऱ्यांतली ओढ लागते. त्यानंतर तीनशे-चारशे. 600 सीसीची चार सिलिंडरची गाडी, जिची पूर्ण ताकद 14,000 फेऱ्यांपाशी लागते, ती आपल्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरापलीकडे कधी मोकळी होतच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला बंदीच आहे. तसली गाडी कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला चालवावी.

आता अडचणींकडे येतो, आणि त्या मला वाटल्या होत्या त्याहून जास्त निघाल्या.

पहिली उष्णता. क्लासिकचं कॉम्प्रेशन साडेआठ पट, आरसी 390चं साडेबारा पट. जितकं दाबाल तितकी ताकद, तितकीच आच. महामार्गावर वारा ती घेऊन जातो. पण ताराराणी चौकात संध्याकाळी अडकलं की पंखा सुरू होतो आणि रेडिएटरमागची गरम हवा सरळ मांडीवर येते. मे महिन्यात कॉलेजला जाण्यासाठीच गाडी लागणार असेल तर हा विचार खरेदीच्या आधी करायला हवा.

दुसरी अडचण मिस्त्रींच्या धंद्याशी थेट भिडते. आर15 आणि 390 यांच्या सिलिंडरला लोखंडी स्लीव्ह नसते. आर15ला सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचाच पृष्ठभाग असतो, 390ला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर. हलकं, लवकर थंड होणारं, अतिशय टणक. पण ऑइल कमी पडून एकदा का त्यावर ओरखडे उठले की तो ब्लॉक बोअर करून मोठा पिस्टन टाकायची सोय नाही. अख्खा ब्लॉक-पिस्टन नवा. मिस्त्रींनी असा एक ब्लॉक दाखवला. मालकानं लेव्हल न बघता गाडी पळवली होती. "ह्याला मशीनवर चढवून उपेग नाही," एवढंच बोलून त्यांनी तो बाजूला ठेवला. ज्या कसबावर हा बोळ जगला त्याला या इंजिनांत जागा उरलेली नाही. याची मला खरोखर काळजी वाटते, कारण गावात दुरुस्त होणारी गाडी आणि फक्त भाग बदलणारी गाडी यांचा खर्च मालकाला पाच-सहा वर्षांनी कळतो.

तिसरी, कर आणि विमा. 22 सप्टेंबर 2025पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18वर आला, आणि त्यावरच्यांवर 31चा 40 झाला. थर्ड पार्टी विम्यालाही हीच रेघ: 2022च्या दरांनुसार 150 ते 350 सीसीला वर्षाला 1366 रुपये, त्यापुढं 2804. बापाच्या खिशाला ही रेघ कळते, पण ती चुकीच्या जागी ओढली आहे असं माझं मत. 312 सीसीची अपाचे आरआर 310 आता 38 अश्वशक्ती देते आणि रेघेच्या आत बसते. 648 सीसीची इंटरसेप्टर, शांत स्वभावाची, 47 देते आणि रेघेच्या कितीतरी बाहेर जाते. सीसी दुपटीहून जास्त, ताकद फक्त सव्वापट.

चौथी अडचण सगळ्यांत गंभीर. युरोपात परवाना पायरीपायरीनं मिळतो: सोळाव्या वर्षी 125 सीसी आणि 11 किलोवॅटपर्यंत, अठराव्या वर्षी 35 किलोवॅटपर्यंत, आणि दोन वर्षं त्यावर काढल्यावर पुढची परीक्षा देऊन किंवा प्रशिक्षण घेऊन हवी ती गाडी. तिथल्या कायद्यानं ताकद मोजली, वजनाशी तिचं प्रमाणही मोजलं. आपल्याकडे अठरा पूर्ण झालं, आरटीओच्या मैदानात ओळखीच्या शंभर सीसीवर आठचा आकडा काढला की तोच परवाना दोनशे अश्वशक्तीच्या निंजा झेडएक्स-10आरलाही चालतो. 2022मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यांत 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. या सगळ्यांना मोठ्या इंजिनांनी मारलं असं कोणी म्हणणार नाही. पण पायऱ्यांचा परवाना नसल्यानं ती पायरी घालायची जबाबदारी घरावर आणि मिस्त्रींसारख्या माणसावर येऊन पडते. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019पासून एबीएस सक्तीचं झालं ही मोठी सोय. तरी एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. वळणात किती वेगानं शिरायचं ते चालवणाऱ्यानंच ठरवायचं असतं.

दुकानातला वाद दुपारपर्यंत असा सुटला की पोरानं आधी सेकंडहँड आर15 घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून हेल्मेट, जाकीट, ग्लोव्हज आणि बूट. मिस्त्रींनी त्याला बघायच्या गोष्टी सांगितल्या: गाडी थंड असतानाच सुरू करून बघ, आधी गरम करून ठेवली असेल तर माघारी ये. सायलेन्सरमधून निळा धूर नको. ऑइलची लेव्हल बघ, कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नको. चेन ओढून बघ, मागच्या टायरचा मध्य चपटा झालाय का बघ, हँडल सोडून सरळ जाते का ते मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात बघ. "आणि कोटिंगचा ब्लॉक हाय, ध्यानात ठेव. ऑइल दर आठवड्याला बघायचं, लेका. माझ्याकडं आणलीस तर मी काय करू शकणार नाही."

वडिलांच्या क्लासिकचा ब्लॉक तोवर मशीनवर चढला होता.