धावते पाणी, जिरते पाणी

मुंबई-नाशिक महामार्गावर, भिवंडी तालुक्यात वडपे हे गाव आहे. या परिसरात वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे तो ४०० मिलिमीटरच्या आसपासच असतो. असे असूनही वडप्याच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो आणि हिवरे बाजारला लागत नाही. असे का?

थोडे गणित करू. एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी मिळते. म्हणजे ४०० मिलिमीटर पावसाचे झाले ४० लाख लिटर! प्रश्न पडण्याचा नाही, थांबण्याचा आहे.

ज्या भूभागावरचे पाणी वाहत येऊन एकाच ओढ्याला मिळते, तो त्या ओढ्याचा पाणलोट. उतारावर गवत, झाडे असली की थेंबांचा मार जमिनीला बसत नाही. जमीन उघडी असेल, तर थेंबांनी सुटलेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरत नाही, मातीसह धावत सुटते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात साठते. म्हणून ते सावकाश जिरवावे लागते.

काम माथ्यापासून पायथ्याकडे करतात. आधी उतारावर समतल चर, मग ओघळींत दगडी बांध, शेवटी नाल्यावर बांध. क्रम उलटा केला, तर खालचा बांध गाळाने भरतो.

पण खरी अडचण पुढेच आहे. चराई सोडावी लागते माथ्यावर गुरे नेणाऱ्याला आणि पाणी वाढते पायथ्याच्या विहिरीला. हा हिशेब गावानेच बसवायचा असतो. हिवरे बाजारमध्ये १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावाने श्रमदान केले, चराईबंदी पाळली. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस-केळी नको, असे ठरवले. पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस कमी, तर पिकेही कमी पाण्याची.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही एक प्रयोग करा. जोराच्या सरीनंतर ओढ्याचे पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी जो गाळ दिसेल, ती तुमच्या डोंगराची माती! ती बरणी वर्गात दाखवा, ग्रामसभेतही न्या.