हत्याराविषयीचा अभिप्राय आणि सुताराचा हक्क

यवतमाळ जिल्ह्यात मुबलक असलेल्या सागवानात सिलिकाचे सूक्ष्म कण असल्यामुळे रंध्याचे पाते आणि पटाशी लवकर बोथट होते. म्हणूनच दिग्रससारख्या गावात सुताराने दुकानदाराकडे नोंदवलेल्या अभिप्रायात पात्याच्या 'पाण्या'ला, म्हणजे पोलाद तापवून व विझवून आणलेल्या कठीणपणाला, मोठे महत्त्व असते. पाणी जास्त झाल्यास धारेचे टवके उडतात, तर कमी पडल्यास धार वळते. पाते कोणत्या लाकडावर चालवले, धार कुठे आणि कशी गेली, हे सांगणाऱ्या अभिप्रायाचे मोल नुसत्या नाराजीपेक्षा कितीतरी अधिक आहे, कारण दोष घडणीचा की वापराचा हे त्यावरूनच उमगते.

दोष घडणीचा असेल तर सुताराच्या हक्काचा प्रश्न येतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यापारी हेतूने खरेदी करणाऱ्यास 'ग्राहक' मानत नाही. मात्र स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका चालवण्यासाठी घेतलेला माल स्वतः वापरणारा सुतार या अपवादातून सुटतो, ही त्या कायद्यातील अत्यंत न्याय्य तरतूद होय. दोषयुक्त हत्यार दुकानदाराने बदलून न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर गाऱ्हाणे मांडता येते, किंवा तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते; मालासाठी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास या तक्रारीसाठी शुल्क नाही. खरेदीचे बिल मात्र जपून ठेवलेले असावे. अभिप्राय दुकानदाराऐवजी ऑनलाइनही नोंदवता येतो; असे अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत व प्रसिद्ध करावेत, याविषयी भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये 'आय.एस. 19000' हे मानक ठरवले आहे.