पत्ता उजवीकडून वाचा: डॉट कॉम, डॉट इन आणि डॉट गव्ह डॉट इन

आजचा एपिसोड छोटा आहे, पण मोबाईलवर सातबारा, चलन किंवा बँकेचं काम करणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. विषय: वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, वाचायचं कसं?

पाकिटावर आपण लिहितो: मु. पो. शिवरे, ता. भोर, जि. पुणे. गाव आधी, जिल्हा शेवटी. पण पत्र पोचवताना आधी जिल्हा बघतात, मग तालुका, मग गाव. डोमेनचंही तसंच, शेवटचा शब्द सगळ्यात मोठा.

सातबारा बघायची सरकारी साइट घ्या: भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन. आता उजवीकडून या. 'इन' म्हणजे भारत. 'गव्ह' म्हणजे त्यातला सरकारी भाग. 'महाभूमी' हे महाराष्ट्राच्या जमीन नोंदींचं नाव. 'भूलेख' हा त्यांनीच पाडलेला कप्पा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, तो 'डिजिटलसातबारा' या कप्प्यात. उजवीकडचं सगळं तेच.

हे शेपूट इतकं महत्त्वाचं का? डॉट कॉम कुणीही पैसे भरून घेऊ शकतं. नुसतं डॉट इनसुद्धा २००५ पासून सगळ्यांना खुलं आहे. डॉट गव्ह डॉट इन मात्र फक्त सरकारी खात्यांनाच मिळतं.

आता भामट्यांची युक्ती बघा: महाभूमी डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम. डावीकडे सगळं ओळखीचं, म्हणून आपण फसतो. पण खरा मालक 'अमुकतमुक डॉट कॉम'! डोमेन ज्याचं, तो डावीकडे हवे ते शब्द जोडू शकतो. 'गव्ह-इन डॉट कॉम' असं मधे आडवी रेघ मारलेलं नावही सरकारी नाही. आणि कुलपाचं चिन्ह बघून निर्धास्त होऊ नका. माहिती वाटेत कुणी वाचणार नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे कोण बसलंय ते नाही.

बँकांसाठीही आता वेगळं शेपूट आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन वर यायला सांगितलं होतं. ते फक्त बँकांनाच मिळतं. आणि हो, २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' पण आहे! पण तेही कुणालाही घेता येतं, त्यामुळे त्यावरून साइट सरकारी समजू नका.

मोबाईलवर लांब पत्ता अर्धाच दिसतो. म्हणून वरच्या पट्टीवर टॅप करून पूर्ण पत्ता उघडा. सुरुवातीच्या दोन स्लॅश सोडा, पुढचा पहिला स्लॅश शोधा आणि त्याच्या लगेच डावीकडचे शब्द वाचा. स्लॅशनंतर काहीही लिहिलेलं असो, मालक त्यावरून ठरत नाही.

पुणे-सातारा रस्त्याच्या आपल्या पट्ट्यात जमिनीचे व्यवहार सतत चालू असतात. घरातले मोठे लिंक आली की फोन तुमच्याच हातात देतात. तेव्हा आधी शेपूट बघा, मगच ओटीपी टाका. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.