रस्ता, टेकडी आणि तलावाचा येवा



पुणे शहरात वेताळ टेकडी आहे. पौड रस्त्याकडून सेनापती बापट रस्त्याकडे कामाधामाला जाणाऱ्या गाड्यांची रोज कोंडी होते, म्हणून तेथील महापालिकेने टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा असा सुमारे दोन किलोमीटरचा नवा रस्ता योजला. त्याला रहिवाशांनी कडाडून विरोध केला. एप्रिल २०२३ मध्ये हजारो माणसे मोर्चात उतरली. झाडे तुटतील, मोर-पाखरे जातील, हे तर ते म्हणतच होते. पण त्यांचा एक मुद्दा पाण्याचा होता. टेकडीवर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून खाली मुरतो आणि पायथ्याच्या वस्त्यांच्या विहिरींना, बोअरना पोचतो. टेकडी कापली की तो मार्गच तुटतो.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, पुणेकरांना सकाळी फिरायला टेकडी पाहिजे, त्यात ऊसवाल्याचे काय गेले? आमच्या मते बरेच काही गेले. आपला गोंदिया जिल्हा तलावांवर जगतो, आणि तलाव जगतो तो त्याच्या वरच्या रानावर. म्हणून रस्ता व पाणलोट यांचे नाते काय, हे या अंकात थोडे उलगडून सांगत आहोत.

आधी आपल्या तलावांविषयी. भंडारा-गोंदियाच्या मुलखात तलाव बांधले ते मुख्यतः कोहळी समाजाने, गोंड राजांच्या अमदानीपासून. कोहळी म्हणजे पाणी जाणणारा आणि ऊस लावणारा शेतकरी. धानासाठी तलाव हे खरेच, पण तलावाखालच्या जमिनीत ऊस आणि उसाचा गूळ हे त्याचे खास काम. साखर कारखाना ही अलीकडची गोष्ट, ऊस मात्र या मातीत जुनाच आहे. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे सांगतात. भोवतालच्या सात डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात आणि पाळीजवळ कोलासुराचे ठाणे आहे. पाळ बांधली माणसाने, पण पाणी आणून देतात त्या सात बहिणी. जुन्या माणसांनी डोंगराला देव केले ते उगाच नाही.

१९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' म्हणजे मामा तलाव हे नाव पडले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव मोजले गेले आहेत. त्यांतले कित्येक गाळाने भरले, कित्येकांच्या पोटात अतिक्रमण झाले. पाळ फुटली तर ती दिसते, तिच्यासाठी अर्जफाटे होतात. येवा तुटला तर मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही. दोन-तीन वर्षे तलाव भरत नाही, मग आपण पावसाला दोष देतो.

येवा तुटतो कसा? आपल्याकडे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. रानात पडलेले पाणी एका नाल्याने येत नाही. पाचोळ्याखालून, गवतातून, शंभर वाटांनी ते उतारभर पसरून हळूहळू खाली सरकते. आता त्या उताराला आडवा, जमिनीपासून पुरुषभर उंच असा रस्त्याचा भराव टाकला. शंभर वाटांचे पाणी भरावाला अडते आणि जेथे मोरी ठेवली असेल तेथे गोळा होते. मोरी अपुरी असली तर वरच्या अंगाच्या बांध्या बुडतात. पुरेशी असली तरी पाणी एका तोंडाने जोरात सुटते, खाली घळ पाडते आणि ती माती तलावात नेऊन टाकते. शिवाय मोरीचे तोंड दुसऱ्या उतारावर निघाले, तर आपल्या तलावाचे पाणी शेजारच्या नाल्याला गेले म्हणून समजा. भरावासाठी मुरूम बहुधा जवळच्याच टेकडीचा काढतात, म्हणजे ती टेकडीही उघडी पडते.

एक हिशेब करून पाहू. तीस मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता म्हणजे तीन हेक्टर जमीन. तिच्यावर १३०० मिलिमीटर पाऊस पडला तर ३९,००० घनमीटर, म्हणजे ३ कोटी ९० लाख लिटर पाणी झाले. उसाला वर्षाकाठी दोन मीटर पाणी धरले, तर हे जवळजवळ पाच एकर उसाचे पाणी. डांबरावर पडल्याने ते नाहीसे होत नाही, हे खरे. पण ते मुरत नाही. पावसाच्या तासाभरात धावून जाते आणि उन्हाळ्यात विहिरीला काहीच उरत नाही. धानाला एक वेळ चालून जाईल. आपले पीक बारा महिने उभे राहते, त्याला एप्रिल-मेचे पाणी लागते.

रस्ता नकोच, असे आमचे म्हणणे नाही, गैरसमज नसावा. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजन घटते, उतारा घसरतो. चिखलात रुतलेली ट्रॉली म्हणजे काय ते सभासदांना सांगायला नको. रस्ता कसा व कोठून, एवढाच प्रश्न आहे. आणि त्या प्रश्नावर भांडलेल्यांच्या पदरात काही पडते, याचा दाखला आपल्या नागपूरजवळच आहे.

जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७, आताचा ४४, पेंचच्या जंगलातून चौपदरी करायचा होता. नागपूरच्या सृष्टी पर्यावरण मंडळासारख्या संस्था उच्च न्यायालयात गेल्या. बरीच वर्षे काम रखडले, त्यावरून लोकांनी शिव्याही दिल्या. पण अखेरीस महाराष्ट्राच्या बाजूच्या सुमारे १६ किलोमीटरमध्ये पूल व भुयारी वाटा मिळून नऊ बांधकामे झाली. सर्वांत लहान ५० मीटर रुंद आणि सर्वांत मोठे ७५० मीटर! वरून वाहने जातात, खालून वाघ-हरणे जातात. २०१९ मधील पाहणीत अठरा जातींची वन्य जनावरे त्यांखालून जाताना नोंदली गेली. आमच्या मते यातली शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट अशी की, जेथे जनावर जाते तेथून पाणीही जाते. भरावाऐवजी खांब आले की उतार मोकळा राहतो.

आपल्या जिल्ह्यात मुंबई-कोलकाता महामार्ग नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधूनच जातो. २०१३ साली या दोन्ही जंगलांचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एक तरुण वाघ मोटारीच्या धडकेने गेला, ते चित्रण सगळ्यांनी पाहिले. वाघ मेला की बातमी होते. बोडी सुकली तर कोण छापणार? समृद्धी महामार्गाची वाट नागपूरपासून भंडारा-गोंदियापर्यंत वाढवायचेही शासनाने ठरविले आहे. तेव्हा शिवारात खुंट्या रोवणारी माणसे दिसू लागली की मोबदल्याच्या चौकशीबरोबरच आणखी काही विचारले पाहिजे.

मोजणीवाल्याला विचारावे, साहेब, आमच्या तलावाचा येवा तुमच्या नकाशावर कोठे आहे? बहुधा तो नसतो. नकाशावर नाला असतो, पसरून येणारे पाणी नसते. ते दाखविणे गावाचे काम. रोवणीच्या दिवसांत, भर पावसात, तलावाच्या वरच्या अंगाने चार जाणत्यांनी फिरावे, पाणी कोठून उतरते त्या जागा गटक्रमांकासह लिहून घ्याव्यात आणि ग्रामसभेत नोंद करून ठराव घ्यावा. वनजमीन जात असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या क्षेत्रातील पाणवठे व पाणलोट राखण्याचा अधिकार दिलेला आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी तर तो दावा कागद दाखवून करावा.

मुदत फार महत्त्वाची. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली संपादनाची अधिसूचना निघाली तर हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली ६० दिवस. त्यामुळे अधिसूचना कोणत्या कायद्याखाली निघाली हे पहिल्याच दिवशी वाचून घ्यावे. हरकतीत नुसते 'आमचा विरोध आहे' असे न लिहिता अमुक गटात मोरी किती रुंद पाहिजे, भरावाऐवजी पूल कोठे पाहिजे, मुरूम कोणत्या टेकडीचा काढू नये, हे लिहावे. हरकत दोन प्रतींत द्यावी आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.